हौदाकडून येणारी वाट

जमिनीवर दिसतं तेवढंच नकाशावर काढायचं. पूर्वी होतं ते नाही. पुढे व्हावंसं वाटतं तेही नाही.

•

"मॅडम, तुमच्या नकाशात वास दाखवता येतो का ओ? मग आमची गटार दाखवा की आधी."

•

पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टरचा उजेड. त्या उजेडात सुताचे तंतू तरंगतायत.

•

पुण्यात एका परिषदेत मागच्या रांगेतून प्रश्न आला, "बागेतल्या सगळ्या वाटा सरळ आहेत, ही एकच वाकडी का?" मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळा संपवला.

•

घाणेरीच्या झुडपाला अडकलेली पुरुषाची एक चप्पल, उन्हाने कडक झालेली. जमिनीवर दिसत होती. नकाशावर काढली नाही.

•

"ही रेषा कोणाची रे?" मी श्रीनिवासला विचारलं.

श्रीनिवास कोंडाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान एवढं चिंचोळं की गिऱ्हाईक आत आलं की त्याला उठून उभं राहावं लागे. डोळ्याला भिंग लावून तो कोणाच्या तरी फोनचं पोट उघडून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"कुठली?"

"ही. मिलच्या आतून निघते, भिंतीतून बाहेर येते आणि तुमच्या तिसऱ्या गल्लीत संपते. रोजच्या रोज."

"असेल की कोण तरी."

"कोण तरी म्हणजे भूत आहे का? आत जाताना एकदाही दिसत नाही. फक्त बाहेर येतं."

तेव्हा मात्र त्याने भिंग काढलं.

मी त्या वेळी सोलापुरात तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवत होते. शहराच्या पूर्व भागात विणकर वसाहत आहे. वसाहत आणि एका बंद पडलेल्या मिलची मागची भिंत यांच्यामध्ये जमिनीची एक लांबट पट्टी ओस पडली होती. कधीकाळी तिथून मिलमध्ये मालगाडीचे डबे जात. रूळ लोकांनी केव्हाच उपटून नेले होते. उरली होती खडी, घाणेरी, फुटक्या बाटल्या आणि डुकरं. त्या जागेचं काहीतरी चांगलं करा म्हणून वसाहतीने पुष्कळ अर्ज केले होते. शेवटी महापालिकेतला एक तरुण अभियंता म्हणाला, "नुसता अर्ज नको. तुम्हाला तिथं काय काय हवंय ते नकाशावर दाखवा. मी पुढे पाठवतो." पण वसाहतीचा नकाशाच कुठे नव्हता. सरकारी कागदावर तिथे एक पिवळा चौकोन होता आणि त्यात काहीच नव्हतं.

म्हणून आम्ही खुल्या नकाशावर काम सुरू केलं. इंटरनेटवर असा एक नकाशा आहे जो कोणा एकाच्या मालकीचा नाही. कोणीही त्यावर घर काढावं, नळ काढावा, झाड काढावं. चुकलं तर दुसऱ्याने खोडावं. माझे विद्यार्थी आणि वसाहतीतल्या बायका हातात छापील कागद घेऊन गल्लीगल्लीतून फिरायच्या आणि जे दिसेल ते टिपायच्या. ज्यांच्याकडे बरा फोन होता त्यांच्या फोनमध्ये श्रीनिवासने एक ॲप घालून दिलं होतं. ते चालू करून माणूस चालला की त्याच्या मागे नकाशावर एक बारीक रेषा उमटायची. पाच-पन्नास माणसांच्या रेषा एकावर एक पडल्या की कळतं, लोक खरोखर कुठून चालतात. लोक चालतात ती वाट. आमच्या कामात याला दुसरा पुरावा लागत नाही.

"फोन अंबादासचा आहे," श्रीनिवास म्हणाला. "येमूल अम्मांचा मुलगा. फोन घरी ठेवून गेलाय तो. अम्मांनीच आणून दिला, म्हणाल्या, सगळ्यांच्यात घातलंस ते याच्यात पण घाल."

"आणि तो कुठे असतो? भिवंडीला?"

वसाहतीतली निम्मी तरुण पोरं भिवंडीला यंत्रमागावर होती. मी अगदी सहज विचारलं.

"हूं," श्रीनिवास म्हणाला आणि भिंग परत डोळ्याला लावलं.

•

आमचा एक शिरस्ता आहे. स्क्रीनवर काही विचित्र दिसलं तर तिथे जाऊन पाहायचं, घरी बसून तर्क लढवायचा नाही.

मी दिवस मावळायच्या सुमाराला पट्टीवर जाऊन उभी राहिले. मिलची भिंत चांगली दोन पुरुष उंच. एका ठिकाणी ती खालपासून फुटली होती आणि अंग चोरून माणूस जाईल एवढी फट तयार झाली होती. फटीच्या बुडाशी उंबऱ्यासारखा एक दगड आडवा राहिला होता. पलीकडे पडक्या शेड आणि त्यांच्यामध्ये एक मोठा हौद. मिल चालू असताना यंत्रांसाठी पाणी त्यात साठवत. अजूनही त्यात पावसाचं पाणी होतं. हिरवं, न हलणारं.

नरसम्मा येमूल गल्लीतून आल्या. किरकोळ बाई, विड्या वळून बोटांची टोकं काळपट झालेली. मला पाहून थांबल्या नाहीत. "नकाशा करायलाव का अजून?" एवढं म्हणाल्या आणि सवयीने तिरप्या होऊन फटीतून आत गेल्या.

मी फटीशीच उभी राहिले. त्या हौदाच्या पायरीवर बसल्या. बराच वेळ बसल्या. मग पदराच्या गाठीतून फोन काढला, त्याचा उजेड चेहऱ्यावर पडला, आणि फोन तळहातावर धरून त्या तेलुगूत म्हणाल्या, "पदरा, इंटिकि पोदाम."

एवढं तेलुगू मला वसाहतीत फिरून समजायला लागलं होतं. चल रे, घरी जाऊ.

स्पीकर चालू करून, फोन ताटलीसारखा हातात धरून बोलायची तिथे सगळ्यांनाच सवय होती. मुलाला घरी ये म्हणतायत, मला वाटलं. त्या उठल्या. हौदापासून फटीपर्यंत सरळ न येता पडलेल्या शेडला वळसा घालून आल्या, मोकळ्या जागेतून सुद्धा. जणू तिथे अजून काहीतरी उभं होतं.

"कोणाशी बोलत होता, अम्मा?"

"अंबादासशी."

"बरा आहे ना? येतो का कधी?"

"रोज येतो की."

रोज फोन येतो, असं मी समजले.

"आणि अम्मा, ते ॲप तुम्ही येतानाच चालू करता. जाताना का नाही करत? जातानाची रेषा आली तर मला बरं पडेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात भलताच प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे आपण पाहतो तसं, पण न रागावता.

"जाताना मी एकटी असते की, मॅडम."

मी घरी आले आणि नकाशावर हौदापासून तिसऱ्या गल्लीपर्यंत तुटक रेघांची पायवाट काढली. बदलासोबत एक ओळ टीप लिहावी लागते. मी लिहिलं: *प्रत्यक्ष पाहून खात्री केली. वापरात आहे.*

•

दुसऱ्या दिवशी ती पायवाट कोणीतरी खोडली होती. टीप: *इथं वाट नाही.*

मी परत काढली. *वाट आहे. रोजच्या नोंदी आहेत.*

परत खोडली. *भिंत आहे.*

खोडणाऱ्याचं खातं नवीन होतं, त्याच्या नावावर दुसरा एकही बदल नव्हता. मी श्रीनिवासला विचारलं, कोण आहे हा?

"सिद्रामअण्णा," तो म्हणाला. "माझ्याकडूनच शिकून गेले. चष्मा पुसत पुसत. दोन चहा पिले."

"त्यांचं काय अडलंय त्या वाटेवाचून?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा मॅडम. मी नाही त्यात पडत."

सिद्रामअण्णा हत्तुरे वसाहतीच्या समितीचे सचिव. मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचे मुकादम. मिल बंद पडल्यावर वसाहतीचं सगळं त्यांच्याच खांद्यावर आलं होतं. देहाने पैलवान, आवाज त्याहून मोठा. माझ्याशी फार चांगले वागत. एकच गोष्ट खटकायची. पट्टीवर आम्ही मोजमाप करत असलो की ते खुर्ची आणवून बसायचे, पण मिलकडे पाठ करून.

•

आराखड्याची सभा समाजमंदिरात भरली. संध्याकाळची वेळ. एका यंत्रमागाच्या मालकाकडून उसनी आणलेली पांढरी चादर भिंतीवर ताणून तिच्यावर प्रोजेक्टर लावला होता आणि सतरंजीवर पट्टीचा भलामोठा छापील नकाशा पसरला होता. नकाशाभोवती पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले होते. बाक, झाड, दिवा, नळ, झोका, भिंत. ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं आणि हवं तिथे ठेवायचं.

पहिला तास जत्रेसारखा गेला.

"आम्हाला सावली पायजे. सगळ्याजणी एकत्र बसून विड्या वळू की. घरात बसून पाठ मोडली."

"आणि गप्पा? त्याचा पुठ्ठा हाय का मॅडम?"

"हिला सगळ्या वसाहतीचा पुठ्ठा द्या. हिच्या गप्पा मावणार नाहीत त्यात."

"पुरुषांना कट्टा नको. कट्टा दिला की पत्ते आले."

"का बे, तुझ्या बापानं कधी पत्ते बघितले नव्हते का?"

एका शाळकरी मुलीने निळा कागद फाडून मधोमध ठेवला. "पोहायचा तलाव!"

कोणी हसलं नाही. तिच्या शेजारच्या बाईने तो कागद हळूच उचलला, चुरगळला आणि पदराआड नेला. "त्यापेक्षा झोका ठेव गं," ती म्हणाली. मुलीने झोका ठेवला. पुन्हा बोलणं सुरू झालं.

नरसम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एकच पुठ्ठा होता, कोराच. त्यावर काही काढलेलं नव्हतं.

शेवटी सिद्रामअण्णा उठले. भिंतीचे सगळे पुठ्ठे त्यांनी गोळा केले आणि मिलच्या बाजूने एकाला एक चिकटवून मांडले. फटीवरसुद्धा.

"ही बाजू बंद," ते म्हणाले. "पक्की भिंत. तिथून दारुडे येतात. बायकामुलांची बाग करायची तर ते भगदाड आधी बुजवायचं. याला कोणाची ना आहे?"

नव्हती. पण कोणी हो म्हणालं नाही. सगळे नकाशाकडे बघत होते.

तेव्हा नरसम्मा बसल्या जागेवरून बोलल्या. "अण्णा, फट राहू द्या."

"वहिनी—"

"कामावरून दमून येतो तो. फट बुजवली तर सगळा वळसा पडंल. त्याला दुसरी वाट म्हाईत नाही."

"वहिनी, तिथून कोण चालत नाही." अण्णांचा तो मोठा आवाज एकदम कमी झाला होता. "कोण येत नाही तिथून."

भिवंडीहून मुलगा घरी येतो तेव्हाचं त्या सांगतायत, असं मी धरलं. अण्णांचं म्हणणं मला पटलं नाही. समितीचा सचिव भर सभेत एका एकट्या बाईला खोटं पाडतोय आणि सगळे गप्प बसलेत, एवढंच मला दिसलं. आणि माझ्याकडे पुरावा होता. आमचं काम ज्यावर उभं असतं तो पुरावा.

"अण्णा, माफ करा," मी म्हणाले. "चालतं तिथून माणूस. दाखवते."

श्रीनिवास दारातून जवळजवळ ओरडला, "मॅडम, राहू द्या की ते!" पण तोवर मी बटण दाबलं होतं.

चादरीवर वसाहत उमटली. आधी पिवळट गल्ल्या, मग घरांचे चौकोन. मग एकेक करून रेषा यायला लागल्या. मी त्या दिवसांच्या क्रमाने सोडल्या होत्या. हौदापाशी एक ठिपका उजळायचा, वळसा घेत फटीतून बाहेर पडायचा, पट्टी ओलांडायचा, तिसऱ्या गल्लीत येमूलांच्या दारापाशी विझायचा. लगेच हौदापाशी दुसरा. मग तिसरा. एकावर एक, एकावर एक, जाड होत गेलेलं सूत. आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी खात्याचं नाव चालत होतं. अंबादास. अंबादास. अंबादास.

"बघा," मी म्हणाले. "रोज येतंय. एक दिवस चुकलेला नाही."

पंखा फिरत होता. माझ्या जवळच्या म्हातारीने हात जोडले होते आणि ती चादरीकडे पाहत नव्हती. पुढे बसलेल्या एका बाईने आपल्या लेकराचा चेहरा ओढून छातीशी घेतला. मला वाटलं, तंत्रज्ञान पाहून बुजलेत.

नरसम्मा तेवढ्या चादरीकडे पाहत होत्या. चेहऱ्यावर हसू होतं. परक्या गावात आपल्या मुलाचं नाव कोणीतरी आदराने घ्यावं, तसं.

"हे बघा की," त्या कोणाला तरी म्हणाल्या. "आलाच घरी."

सिद्रामअण्णा उभेच होते. प्रोजेक्टरच्या वाटेत आल्यामुळे ते ठिपके आता त्यांच्या सदऱ्यावरून चालत होते. पोटावरून निघून खांद्यावर यायचे आणि तिथे संपायचे. त्यांनी एकदा खाली स्वतःकडे पाहिलं. मग ते गुडघ्यांवर बसले आणि फटीवरचा भिंतीचा पुठ्ठा काढला.

"ठेवा," ते म्हणाले. "वाट ठेवा. पण नुसती फट नको. रुंद करा."

"किती, अण्णा?"

"आत्ता तिरपं व्हावं लागतं. हातात ओझं असेल तर तिरपंही होता येत नाही, आपटतं. तसं नको." त्यांनी फटीच्या बुडाशी बोट ठेवलं. "आणि तो खालचा दगड काढा. उंबऱ्यासारखा हाय तो. समोर ओझं धरलं की पायाखालचं दिसत नाही. अडखळतो माणूस."

मी भराभर टिपून घेत होते.

त्यांनी दिव्याचा पुठ्ठा घेतला आणि फटीपाशी ठेवला. मग दुसरा घेतला. तोही तिथेच ठेवला.

"एवढे दिवे तिथं कशाला, अण्णा?" कोणीतरी विचारलं.

"राहू द्या," ते म्हणाले.

नरसम्मा उठल्या आणि मांडीवरचा कोरा पुठ्ठा आणून त्या दोन दिव्यांच्या मधे ठेवला. हे काय, असं मी विचारलं.

"काय नाही," त्या म्हणाल्या. "मोकळं."

मी त्या रात्री आराखड्यात त्या जागी रुंद, सपाट, विनापायरीचं दार काढलं. खुल्या नकाशावर अशा वाटेसाठी एक खास खूण असते. ती मी लावली: *चाकाच्या खुर्चीसाठी योग्य.* वसाहतीतला एक जुना जॉबर सुद्धा किती पुढचा विचार करतो, हे मी नंतर कित्येक भाषणांत सांगितलं.

•

बाग झाली. आराखड्यातली निम्मीअधिक झाली, तेही पुष्कळ. सावली आली, बायका तिथे बसून विड्या वळायला लागल्या. हौदाभोवती जाळी लागली, पण अण्णांनी पाठपुरावा करून जाळीला एक दार ठेवून घेतलं. मी बदली होऊन पुण्याला आले. अधूनमधून नकाशा उघडून पाहायचे. इतर सगळ्यांनी आपापली ॲप कधीच काढून टाकली होती. नवीन नोंद एकच यायची. हौदापासून तिसऱ्या गल्लीपर्यंत.

नरसम्मा गेल्याचं श्रीनिवासने फोनवर कळवलं. विड्या वळता वळता मान कलली, म्हणाला. त्रास झाला नाही.

काही दिवसांनी मी नकाशा उघडला. का उघडला, सांगता येणार नाही. रेषा आली होती. आदल्या संध्याकाळची. त्याच्या आदल्याही. तोच हौद, तोच वळसा, तेच नाव. फक्त ठिपका फार सावकाश चालत होता आणि दारापाशी, जिथे पूर्वी दगड होता, तिथे थांबत होता.

मी श्रीनिवासला फोन लावला.

"अंबादासचा फोन कोणाकडे आहे?"

"सिद्रामअण्णांकडे. अम्मा गेल्या त्याच दिवशी मागून नेला."

"पण ते कशाला—"

पलीकडे दुकानातला पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"मॅडम," श्रीनिवास म्हणाला, "तुम्हाला अजून कोणीच सांगितलं नाही काय ओ?"

•

अंबादास नरसय्या येमूल मिलच्या हौदात बुडाला तो आम्ही वसाहतीत पहिला कागद घेऊन गेलो त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, आणि त्याला पाण्यातून काढून, दोन्ही हातांवर आडवा घेऊन, त्या फटीतून घरापर्यंत सिद्रामअण्णांनी एकट्याने आणलं.